दोन विती

उन्हाळ्यात कुणाच्याही कारखान्यात गेले की साहेब आधी पाणी मागायचे, आणि ते प्यायचे नाहीत. ग्लास घेऊन ते इमारतीच्या मागे जायचे, अर्थिंगचा खड्डा शोधायचे, त्यावरचं झाकण बुटाच्या टोकानं सरकवायचे आणि सगळं पाणी आत ओतायचे. परत येऊन दुसरा ग्लास मागायचे. तो मात्र प्यायचे. "आधी त्याला, मग मला," म्हणायचे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची जमीन भेगाळते, खड्ड्यातली माती कोरडी पडते, आणि कोरडी माती वीज पोटात घेत नाही. हे त्यांनी कुणाला बसवून समजावल्याचं मला आठवत नाही. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या कितीतरी वॉचमनना वाटायचं, या माणसानं मागं कुठलंतरी रोप लावलेलं आहे.

साहेबांचा धंदा विजेच्या उसळीपासून यंत्रांना वाचवणारी उपकरणं बसवून देण्याचा. जवळपास कुठं वीज पडली, किंवा एखादी मोठी मोटार झटक्यात बंद झाली, की तारांमधून एक उसळी येते. डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी ती येऊन गेलेली असते, पण तेवढ्यात नाजूक यंत्रं जाळून जाते. ती उसळी वाटेत अडवून जमिनीत सोडून द्यायची, एवढंच त्या उपकरणाचं काम. दिसायला ते काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं असतं. साहेबांनी सारं आयुष्य त्या काड्यापेटीमागं घालवलं.

मी डिप्लोमा करून त्यांच्याकडं लागलो, तेव्हा मला वायरिंगपेक्षा पुस्तकांत जास्त रस होता. पिशवीतलं पुस्तक त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं आणि माझं नाव 'वाचक' पडलं. "हात दे रे, वाचक," असं म्हणून त्यांनी माझा पंजा टेबलावर पसरवला, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत स्टीलची पट्टी धरली आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं : वाचक, साडेआठ इंच. त्या भिंतीवर ऑफिसात आजवर काम केलेल्या सगळ्यांच्या विती लिहिलेल्या होत्या. सगळ्यांत वर शेषराव, नऊ इंच. शेषराव त्यांचा वायरमन, तेव्हा पंधराएक वर्षं त्यांच्याबरोबर असलेला.

वीत कशासाठी, ते दुसऱ्या दिवशी कळलं. साहेबांचा नियम एकच होता. मुख्य तारेपासून उपकरणापर्यंत आणि उपकरणापासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंत, दोन्ही तारा मिळून दोन वितींच्या आत. पट्टी विसरली तरी हात कुणी घरी विसरत नाही, म्हणून मोजमाप हाताचं.

"दोनाच्या चार झाल्या तर काय बिघडतं, साहेब? तार तीच आहे," मी विचारलं होतं.

"पाचोडचा बाजार पाह्यलाय का?"

"हो."

"बाजारातून बैल सावकाश निघाला तर दहा वळणं घेऊन बरोबर घरी जातो. तोच उधळला तर?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच पुढं सांगितलं.

"वळत नाय बाबा तो. समोर जे दुकान दिसंल त्याच्यात घुसतो. वीज उधळलेली आसली की तिला वळणं दाखवू नको. लांबचा रस्ता दाखवू नको. दार जवळ पायजे, अन् समोर पायजे."

पुस्तकात हीच गोष्ट मी चार पानं भरून वाचली होती आणि मला ती कळली नव्हती.

आपल्याकडच्या चांगल्या वायरमनची एक रीत आहे. पुढं-मागं लागली तर असावी म्हणून तो तार हातभर जास्त ठेवतो, आणि त्या जास्तीच्या तारेची सुबक गुंडाळी करून तिला प्लास्टिकची टाय बांधतो. पॅनलचं, म्हणजे विजेच्या जोडण्यांच्या पेटीचं, दार उघडलं की ती गुंडाळी पाहून गिऱ्हाईक खूश होतं. यात फसवाफसवी काही नसते, उलट माया असते. साहेबांना त्या गुंडाळ्या दिसल्या की त्यांचा चेहरा बदलायचा. इतरांच्या खिशाला पेन असतं तिथं त्यांच्या खिशाला कटर असे. विचारणं नाही, सांगणं नाही, ते गुंडाळी कापून वायरमनच्या हातावर ठेवायचे.

एका पॅनलवाल्या चाचांच्या कारखान्यात तर त्यांनी गिऱ्हाइकादेखत हे केलं. चाचांचं काम शहरात नावाजलेलं. ते कळवळून म्हणाले, "साहब, कित्ती मेहनत से बनाए थे. कित्ता खूबसूरत दिख रा था."

"खूबसूरत कू क्या करना, चाचा? बिजली कू आँखां हैं क्या?"

चाचा चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांच्याच पोरानं ऑफिसात येऊन आपली वीत भिंतीवर लिहून घेतली.

गुलमंडीतल्या एका कापडवाल्यानं कुठून तरी असं उपकरण आणून बिलाच्या कॉम्प्युटरमागं लावलं होतं. त्याचा हिरवा दिवा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. साहेब तिथं शर्टाचं कापड घ्यायला गेले होते. मी सोबत होतो. कापड बाजूला राहिलं. साहेब गाद्यांवरून, थानांवरून वाकत तार धरून निघाले, ते भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीपाशी पोचले. अर्थिंगची हिरवी तार तसबिरीच्या खिळ्याला बांधलेली होती.

"शेठ, वीज बिचारी इथपर्यंत येणार, अन् देवाला विचारणार, आता कुठं जाऊ?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. शेठजी ओशाळून म्हणाले, "लावलंय ना साहेब, काही नसण्यापेक्षा बरं."

"हे लिंबू-मिरची नाय, दाराला टांगलं की झालं. काढून ठेवा. निदान भरवसा तरी ठेवणार नाय तुम्ही."

आपलं उपकरण विकण्यापेक्षा लोकांना ते काढायला लावण्यातच त्यांचे जास्त दिवस गेले असतील. 'जागा नाही, तार लांब पडेल' असं कुणी म्हटलं की ते बॅग बंद करायचे. मग पुढचं भांडण शेषराव करायचा. तो कारखान्याच्या इंजिनिअरांना अडवून म्हणायचा, "तुमी शिकलेले लोक हायेत. पर दोन विती म्हंजी दोन विती. आमच्या साहेबानं सांगितलंय." साहेब एकदा बोलायचे, शेषराव दहादा. 'आमच्या साहेबानं सांगितलंय' हे तो अशा आवाजात म्हणायचा, की पुढं कुणी वाद घालत नसे.

माझ्याकडं ड्रॉइंगचं काम होतं. माझं अक्षर, माझ्या रेघा, मांडणी, सगळं साहेबांना आवडायचं आणि त्याचीच त्यांना धास्तीही होती. "वाचक, तू वाचणारा हायेस. वाचणारा माणूस समजून घेतो. ड्रॉइंग ज्याच्या हातात जातं तो समजून घेत नाय, जसंच्या तसं करतो. त्यानं तसंच करावं. त्यासाठी तर ड्रॉइंग असतं." मी मान डोलवायचो. मला ते वाक्य आवडलं होतं. एवढंच.

पाचोडच्या बाजूला एका दूध शीतकरण केंद्राचं काम आलं. आसपासच्या गावांतलं दूध तिथं मोठ्या टाक्यांत थंड होऊन राहायचं. टाकीतलं तापमान मोजणारा सेन्सर बाहेर, पॅनल आत, आणि दोघांमध्ये केसासारख्या बारीक तारेनं निरोप जायचा. मी दोन ड्रॉइंगं केली. एक जोडणीचं, आणि दुसरं पॅनलच्या आत काय कुठं बसवायचं याचं. साहेबांनी दोन्ही तपासून सही केली आणि ते दोन दिवसांसाठी गावाला गेले.

त्याच संध्याकाळी केंद्राच्या मॅनेजरचा फोन आला. सेन्सरच्या तारेलाही संरक्षण हवं, आणि ड्रॉइंग सकाळी हवं. मी जोडणीत ते उपकरण घातलं, ते बरोबर होतं. दुसऱ्या कागदावर मात्र तारा जिथून आत येतात त्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जागा नव्हती. सगळं नीट बसलेलं होतं. तिथं काही सरकवायचं म्हणजे अख्खी मांडणी पुन्हा करावी लागली असती. खाली उजवीकडं, सहीच्या चौकटीच्या वर, कागद रिकामा होता. मी उपकरण तिथं काढलं. छान दिसलं. कागदाचा तोल साधला गेला. साहेबांची सही खाली होतीच. मी प्रत काढून पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी शेषरावचा फोन आला. "इंजिनेर, हे खाली कोपऱ्यात आलंय. तार वरून येती. लई लांब पडंल."

मी म्हणालो, "साहेबांची सही आहे त्याच्यावर."

मग तो म्हणाला, "आसं व्हय? मग ठीक."

साहेब परतल्यावर त्यांना सांगायचं माझ्या मनात होतं. ते परतले तेव्हा दुसरं काम निघालं. मग मी विसरलो. हे विसरणं खरं होतं की सोयीचं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि ते सोयीचंच होतं.

मेअखेरीस वादळ झालं. केंद्राजवळच्या शेतात वीज पडली. पॅनलमधलं सेन्सरचा निरोप वाचणारं कार्ड जळालं, थंड करणारं यंत्र थांबलं, आणि सकाळी झाकणं उघडली तेव्हा दोन्ही टाक्यांमधलं दूध नासलेलं होतं. मॅनेजरनं ते सगळ्यांदेखत मागच्या चरीत सोडलं. कॅन घेऊन आलेले लोक बघत उभे होते. शेषराव दुरुस्तीला म्हणून आधी पोचला, तर मॅनेजरनं त्याला पॅनलला हात लावू दिला नाही. दोन दिवस त्याला बाहेरच्या पायरीवर बसवून ठेवलं. दूध घालायला येईल त्याला तो सांगायचा, "हाच तो. ह्यानंच घाण केली."

तिसऱ्या दिवशी साहेब आणि मी गेलो. साहेबांनी पॅनल उघडलं. सेन्सरची तार वरून डावीकडून आत येत होती, अख्खं पॅनल उतरून खालच्या उजव्या कोपऱ्यात जात होती, आणि तिथून पुन्हा वर कार्डापर्यंत येत होती. जातानाची आणि येतानाची तार एकाच पट्टीतून, एकमेकींना चिकटून. अर्थिंगची तार निराळी, तीही लांब. साहेबांनी वीत टाकली. एक, दोन, तीन. सातव्या वितीला ते थांबले. मग त्यांनी ते उपकरण काढून तपासलं. ते धडधाकट होतं. उसळी त्याच्यापर्यंत गेलीच नव्हती. वाटेतच शेजारच्या तारेत उडी मारून ती कार्डात घुसली होती.

"मी म्हणलो नाही का?" मॅनेजर म्हणाला. "वायरमननं मनाला येईल तिथं ठोकलं. असला माणूस ठेवूच नका तुम्ही."

शेषरावनं खिशातून घडी केलेलं ड्रॉइंग काढलं आणि साहेबांपुढं धरलं.

साहेबांनी ते पुष्कळ वेळ पाहिलं. खालचा कोपरा पाहिला. सहीवरची तारीख पाहिली. एकदा, फक्त एकदा त्यांनी माझ्याकडं पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुढं स्वतःला सांगत आलो. त्यांनी पाहिलं नाही.

"सही माझी हाय," ते मॅनेजरला म्हणाले. "शेषरावनं ड्रॉइंगबरहुकूम काम केलंय. त्याला बोललात त्याबद्दल त्याची माफी मागा. चूक माझी."

मॅनेजर चमकला. पण माझी नजर शेषराववर होती. त्याची सुटका झाली होती, आणि त्याचा चेहरा मात्र पडला होता.

"साहेब, तुमी? कोपऱ्यात?"

"व्हय."

"का म्हणून?"

"चुकलं."

"चुकलं कसं? आमाला वीस वर्षं..." त्याचा आवाज फाटला. "मी लोकांच्या तोंडाला तोंड दिलं तुमच्या शब्दावर. आमाला दोन विती, अन् तुमाला सात?"

साहेब म्हणाले, "बस गाडीत, शेषराव."

तो बसला. बीड रोडनं आम्ही शहरात आलो. पहिल्याच सिग्नलला गाडी थांबली तसा तो उतरला, आणि पुन्हा ऑफिसात आला नाही. केंद्राचं काम तर गेलंच. साहेबांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मलाही ते कधी काही बोलले नाहीत. फक्त एक बदल झाला. त्यानंतर ड्रॉइंगवर सही करण्याआधी साहेब कागदावरच्या प्रत्येक रिकाम्या जागेवर तिरकी रेघ मारू लागले. वर, खाली, कोपऱ्यात, कुठंही चार बोटं जागा दिसली की रेघ. मग सही. नवी माणसं हसायची, म्हातारपणाचं वेड म्हणायची. त्या रेघा कुणासाठी आहेत हे फक्त मला ठाऊक होतं. बारा वर्षं, आठवड्यातून दोन-तीनदा, ते माझ्यासमोर बसून त्या रेघा मारत होते. पट्टी न घेता, सावकाश. मी समोर उभा असायचो.

आणि अधूनमधून, कागदावरची मान वर न करता विचारायचे, "शेषराव दिसला का रे कुठं?"

"नाही, साहेब."

"हर्सूलला दुकान टाकलंय म्हणतात. जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो. चांगलं भरत आसंल. हात चांगला त्याचा."

एवढ्यावर ते थांबायचे. एक वाक्य माझ्याजवळ होतं. ते मी शेषरावला सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला असता. साहेबांना ते ठाऊक होतं. त्यांनी मला ते कधी मागितलं नाही. ते औदार्य होतं की हट्ट, मला अजून ठरवता आलेलं नाही. कधीकधी वाटतं, माणूस आपण होऊन बोलतो का, हे ते बघत राहिले होते. कधी वाटतं, त्यांचा हिशेब साधा होता. कागद ऑफिसातून गेला, त्यावर आपली सही आहे, विषय संपला. ते गेले तेव्हा मी चाळिशीच्या जवळ होतो.

यंदाच्या थंडीत ते गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि खुर्चीतच मान टाकली. अंत्ययात्रेला निम्मी एमआयडीसी होती. पॅनलवाले चाचा काठी टेकत आले होते. शेषराव नव्हता.

दहाव्यालाही तो आला नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी हर्सूलला गेलो. दुकान सापडायला वेळ लागला नाही. शेषराव स्टुलावर बसून मोटारीच्या तारेचे वेढे घालत होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यानं एक बोट वर केलं. वेढे मोजत होता. मोजून झाल्यावर पाटीवर आकडा लिहिला आणि मग म्हणाला, "कळलं मला. नाय आलो."

"मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कारण त्यानं बस म्हटलं नव्हतं. मॅनेजरचा फोन, रिकामा कोपरा, साहेब गावाला गेलेले. तो तारेचं टोक बोटात धरून ऐकत होता.

"फोनवर तू मला काय म्हणलास, आठवतं का?"

"साहेबांची सही आहे म्हणालो."

"अन् सही कवाची व्हती?"

"कोपऱ्यातलं काढायच्या आधीची."

"म्हंजी त्यांनी कोपरा पाह्यलाच न्हवता."

"नाही."

त्यानं तार सोडून दिली. ती उलगडत फरशीवर गेली.

"माझ्या पोरीचं लगीन झालं," तो म्हणाला. "पत्रिका नाय दिली त्यांना. तरी आले. मांडवात आले नाय, बाहेर जनरेटरपाशी उभं राह्यले. वाकून त्याची अर्थिंग बघितली, तार वढून बघितली. मी बघत व्हतो. त्यांनीबी मला बघितलं. मी तोंड फिरवलं. परत बघितलं तर गेलते."

मी म्हणालो, "माझं चुकलं, शेषराव."

"मला कशाला सांगतो? मला सांगून मोकळा व्हनार?" तो उठला. शटर अर्धं ओढलं. "चल."

"कुठं?"

"साहेबांच्या घरी, वैनीकडं. आत्ता. हे असंच्या असं त्यांच्यापुढं बोल. बारा वर्षं त्या बाईनं मला काय समजलं आसंल? वीस वर्षं त्या घरचं खाल्लं अन् एका चुकीवरून पाठ फिरवली. हेच ना?"

त्याच्या स्कूटरवर मागं बसून मी निघालो. दुपारची रहदारी होती. मी वाक्य जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्य माझ्याच बाजूनं सुरू होत होतं. घाई होती, जागा नव्हती, ते गावाला गेले होते. एकेक करून मी ती टाकत गेलो.

दार काकूंनी, साहेबांच्या पत्नीनं उघडलं. शेषरावला पाहून त्या उंबऱ्यातच थांबल्या. साहेब गेल्यापासून त्यांना मी रडताना पाहिलं नव्हतं. आता त्यांचे डोळे भरले.

"शेषराव," त्या म्हणाल्या. "या."

"मी नंतर बोलतो, वैनी. आधी ह्याचं ऐकून घ्या."

आम्ही आत गेलो. काकूंना वाटलं असावं, ऑफिसचं काही राहिलं असेल. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बोल रे."

"काकू, पाचोडचं ते काम. दूध नासलं होतं ते."

"हो ना. यांचं चुकलं होतं ते." त्या शेषरावकडं वळल्या, जणू त्यालाच समजावत होत्या. "फार लागलं होतं हो त्यांना. मला म्हणाले, शेषरावला माझ्यापायी पायरीवर बसावं लागलं. कितीदा म्हणाले."

घरातही त्यांनी हेच सांगितलं होतं.

"साहेबांचं चुकलं नव्हतं, काकू," मी म्हणालो. "ते ड्रॉइंग मी बदललं. त्यांनी सही केल्यानंतर. शेषरावनं मला विचारलं, तर मी साहेबांचं नाव सांगितलं. आणि मग मी कुणालाच बोललो नाही."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. मी वाट पाहत होतो, कशाची ते मलाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी माझ्यावरची नजर काढून घेतली, भिंतीकडची खुर्ची स्वतः उचलून पुढं आणली आणि पदरानं पुसली.

"शेषराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी बसा."